वादळाच्या रात्री मुलांना काम द्या

तुमचं मूल २०१० च्या आसपास आपल्या पालघर तालुक्यातल्या केळव्यात जन्मलं असेल, तर बारा वर्षांचं होईपर्यंत त्याने काय काय पाहिलं, ते एकदा आठवून बघा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली आणि त्यातले मोठे धक्के पालघर तालुक्यातही जाणवले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, आठ माणसं गेली. दोनच महिन्यांत शाळा बंद झाली आणि पुढे दीड-दोन वर्षं ती धड उघडलीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्यावर येणार म्हणून किनाऱ्यालगतची कुटुंबं हलवली गेली. वादळ रायगडात शिरलं. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते आलं आणि त्याने वाड्या झोपवल्या. जानेवारी २०२२ मध्ये केळवे रोडजवळच्या झांजरोळी धरणाला गळती लागली. त्या धसक्यातून गाव बाहेर पडतं न पडतं, तोच फेब्रुवारीत आपल्या समुद्रात चार मुलं बुडाली.

एवढं सगळं एका बालपणात. आणि या प्रत्येक वेळी आपण मोठ्या माणसांनी त्या मुलाला काय सांगितलं? बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू आलं असेल : ‘काही नाही झालं, तू आत जाऊन बस.’

या वाक्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. ते प्रेमापोटीच येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या पोटात गोळा आलेला असताना लेकराच्या पोटात तो येऊ नये, एवढीच धडपड त्यात असते. पण या किनारपट्टीवर मुलांना शिकवण्यात आयुष्य गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की आपण बोलतो त्या वाक्यांत मुलांना सर्वांत एकटं पाडणारं वाक्य हेच आहे. कारण मुलाला दिसत असतं की काहीतरी झालं आहे. आईचा हात थरथरतोय, बाबा दर दोन मिनिटांनी फोन लावतायत, आजी देवापुढे बसून उठायचं नाव घेत नाही. डोळ्यांना एक दिसतं आणि कानावर दुसरंच येतं. मग मूल ठरवतं की जे झालंय ते बोलण्यापलीकडचं, भयंकर आहे. पुढे ते विचारतही नाही. आपल्याला वाटतं, शांत झालं.

भूकंपाच्या त्या काळातलं बघा. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात महिनोन्‌महिने लहान-मोठे धक्के बसत होते. १ फेब्रुवारी २०१९ ला तर दिवसभर धक्क्यांवर धक्के बसले, त्यातला सर्वांत मोठा ४.१ रिश्टरचा. त्या धावपळीत पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. लोक घराबाहेर तंबूत झोपायला लागले, ऐन थंडीत. धक्क्याच्या आधी जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा. आता विचार करा, मातीच्या भिंतीच्या घरात राहणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाला तो आवाज ऐकल्यावर ‘काही नाही’ म्हणून कसं चालेल? त्याला सांगावंच लागतं की हा आवाज आला की असं करायचं : भिंतीपासून लांब, दाराबाहेर मोकळ्यावर, धावताना धाकटीचा हात सोडायचा नाही. हे सांगितल्याने मूल घाबरत नाही. ते आधीच घाबरलेलं असतं. आपण त्याच्या भीतीला हातपाय देतो.

खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, असं मात्र नव्हे. पाच वर्षांच्या मुलाला मृतांचे आकडे नकोत, टीव्हीवर चोवीस तास फिरणारी तीच ती दृश्यं तर मुळीच नकोत. त्या वयाच्या मुलाला एखादा कोसळणारा माड दहा वेळा दाखवला, तर त्याच्या लेखी दहा माड कोसळतात. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात : काय झालं, आपण सगळे कुठे आहोत, आणि आता काय करणार आहोत. ‘मोठं वादळ आलंय. पत्रे उडतायत म्हणून आपण मधल्या खोलीत आहोत. बाबा शेजारच्या काकांकडे आहेत, वारा कमी झाला की येतील.’ एवढं पुरतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला थोडं जास्त लागतं. त्याला कारण हवं असतं. अरबी समुद्र तापला की चक्रीवादळाला बळ मिळतं, ते नकाशावर कसं सरकतं, हे त्याला दाखवलं तर तोच तुम्हाला दर तासाला त्याची बातमी देईल.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो ‘पुन्हा येईल का?’ हा. आपली जीभ लगेच म्हणते, ‘छे, आता कशाला येईल!’ नका म्हणू. निसर्गनंतर वर्षही झालं नाही तोच तौक्ते आलं, आणि ज्या आईने लेकराला ‘आता नाही येत’ म्हणून सांगितलं होतं, तिचा शब्द तिथे पडला. त्यापेक्षा ‘येऊही शकेल. आलं तर काय करायचं ते आता आपल्याला ठाऊक आहे’ हे उत्तर मुलाला जास्त काळ पुरतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. घरात अशुभ बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. मुलाने ‘आपलं घर पडलं तर?’ असं विचारलं की आजी दटावते, ‘अभद्र बोलू नको.’ आजीचा मान राखूनही एवढं सांगायला हवं की मुलाने विचारलेलं ‘तर?’ हे अभद्र नसतं, ती त्याची तयारी असते. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं की तो प्रश्न रात्री अंथरुणात त्याच्यासोबत येत नाही.

आणि मुलं खेळतात तेव्हा तर त्यांना अजिबात अडवू नका. मोठा धक्का बसून गेला की पुढच्या आठवड्यात मुलं ‘भूकंप-भूकंप’ खेळतात. वादळानंतर काड्यांची घरं करून फुंकरीने पाडतात, पुन्हा बांधतात. बुडण्याचा प्रसंग गावात झाला की बाहुली पाण्याच्या बादलीत बुडते आणि कोणीतरी तिला ओढून काढतं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो हे खरं. पण मूल तेव्हा तो प्रसंग आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघत असतं. जे एकदा त्याच्यावर घडलं, ते आता त्याच्या मर्जीने घडतं आणि त्याच्या मर्जीने थांबतं. खेळ हळूहळू बदलत गेला, त्यात सुटका आली, डॉक्टर आला, पुन्हा बांधणं आलं, की समजायचं, मन कामाला लागलंय. तोच खेळ महिनोन्‌महिने, जसाच्या तसा, चेहऱ्यावर काही न उमटता चालू राहिला, तर मात्र लक्ष द्यायला हवं. त्याबद्दल पुढे बोलते.

आता मुख्य मुद्दा, कामाचा. तौक्तेच्या त्या दिवशी आणि रात्री आपल्या भागात माड आडवे झाले, केळीच्या बागा मोडल्या, पानवेलींचे मांडव जमिनीला टेकले, विजेचे खांब वाकले. जिल्ह्यात कित्येक गावांना दिवसेंदिवस वीज नव्हती. तिकडे खोल समुद्रात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली. आणि इथे, आपल्या उत्तरेला वडराईजवळ ‘गल कन्स्ट्रक्टर’ नावाचा तराफा भरकटत येऊन खडकांत रुतला; त्यावरच्या १३७ जणांना दुसऱ्या दिवशी तटरक्षक दल आणि नौदलाने हेलिकॉप्टरने सुखरूप काढलं. माहीम-केळव्याची मुलं पुढे कितीतरी दिवस त्याच गोष्टी सांगत होती. मी त्यांना विचारायचे, ‘तू त्या रात्री काय करत होतास?’ काहींचं उत्तर यायचं, ‘मी पलंगाखाली होतो.’ काही सांगायची, ‘मी बॅटरी धरली होती.’ ‘मी आजीच्या गोळ्या पिशवीत भरल्या.’ ‘वासरू सोडून आत आणलं मी.’ दोन्ही प्रकारची मुलं घाबरली होती. पण दुसऱ्या प्रकारच्या मुलांच्या गोष्टीत ‘मी’ होता, आणि त्या ‘मी’ने काहीतरी केलं होतं. वर्षभराने बोलतानाही त्यांचा आवाज वेगळा लागायचा.

म्हणून सांगते, संकटाच्या वेळी मुलाला आत बसवू नका, त्याला काम द्या. खोटं, मन रमवायला दिलेलं काम नव्हे. मुलांना ते लगेच कळतं. घराला खरंच उपयोगी पडेल आणि त्याच्या वयाला झेपेल असं काम. चार वर्षांची मुलगी बाळाच्या दुपट्यावर लक्ष ठेवू शकते. आठ वर्षांचा मुलगा पाण्याच्या कळशा-बाटल्या भरून ठेवू शकतो, रेशनकार्ड, आधार, शाळेचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला गाठ मारू शकतो. बारा वर्षांची मुलगी मोबाइलची चार्जिंग राखून, रेडिओवरची किंवा तलाठी कार्यालयाकडून आलेली सूचना सगळ्यांना वाचून दाखवू शकते. अफवा कुठली आणि अधिकृत सूचना कुठली, हे तर ती आपल्यापेक्षा लवकर ओळखेल. फक्त काम संपल्यावर ‘तू होतास म्हणून झालं’ असं म्हणायला विसरू नका, आणि ते खरं असेल तेव्हाच म्हणा.

याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण जपानमधल्या कामाइशी शहरातलं आहे. समुद्रकाठचं, आपल्या सातपाटीसारखीच मासेमारी चालणारं शहर. तिथे तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक २०११ च्या आधी काही वर्षं शाळाशाळांतून त्सुनामीचे धडे देत होते. त्यांनी मुलांना शिकवलं होतं की नकाशात दाखवलेल्या धोक्याच्या रेषेवर आंधळा भरवसा ठेवू नका. त्या क्षणी जे शक्य आहे ते पूर्ण करा. आणि पळणाऱ्यांत पहिले व्हा, म्हणजे तुम्हाला बघून बाकीचे पळतील. ११ मार्च २०११ ला दुपारी महाभयंकर भूकंप झाला. समुद्राजवळच्या माध्यमिक शाळेची मुलं कुणाच्या हुकमाची वाट न बघता उंचावर धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं वरच्या मजल्यावर गेली होती. मोठ्यांना धावताना बघून तीही खाली उतरून निघाली. मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मुलांच्या लक्षात आलं की मागचा कडा ढासळतोय, तेव्हा ती आणखी वर गेली. थोड्याच वेळात पाणी आलं आणि दोन्ही शाळा गिळून गेलं. त्या शहरात हजारावर माणसं मेली. शाळेत जाणारी जवळजवळ तीन हजार मुलं होती. त्यांतली जवळजवळ सगळी जगली.

जगाने त्याला चमत्कार म्हटलं, पण त्या मुलांनी पुष्कळदा सराव केला होता, एवढीच त्यातली खरी गोष्ट. आपल्याकडे तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राभोवतीच्या गावांत आपत्कालीन सराव होतात, शाळांतही अधूनमधून भूकंपाची रंगीत तालीम होते. त्या दिवशी आपलं मूल घरी येऊन ‘आज आम्ही बाकाखाली बसलो’ म्हणून हसत सांगतं आणि आपणही हसतो. हसू नका. त्याला म्हणा, ‘घरी झालं तर कुठे बसायचं, दाखव बरं.’ बघा कसं घरभर फिरून दाखवतं ते.

निसर्गसारखं वादळ ऐन वेळी वळलं की मुलं म्हणतात, ‘उगाच पळवलं आम्हाला.’ मोठी माणसंही म्हणतात. तेव्हा त्यांना सांगा की नाही आलं ते उत्तम झालं, आणि आपण वेळेत निघालो तेही उत्तम झालं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे कळणं मुलाला आयुष्यभर उपयोगी पडणार आहे.

आता समुद्राबद्दल. हे लिहिताना मन जड होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकहून सहलीला आलेले विद्यार्थी आपल्या किनाऱ्यावर होते. गावातली मुलंही पाण्यात होती. बुडणाऱ्यांना वाचवायच्या धडपडीत नाशिकचे तीन विद्यार्थी आणि आपल्या गावातला एक मुलगा गेला. त्या घरांचं दुःख कुणीही शब्दांत पकडू नये. पण त्या प्रसंगाने मला शिकवणारी म्हणून हलवून सोडलं, कारण त्या मुलांकडे धैर्य होतं. दुसऱ्यासाठी पाण्यात उडी घेणारं धैर्य. आपण मुलांना ‘धीट हो’ म्हणतो, तेव्हा नेमकं हेच धैर्य आपल्या मनात असतं. त्या दिवशी त्यांना धैर्याच्या जोडीला आणखी काहीतरी हवं होतं, आणि ते द्यायचं काम आपलं, मोठ्यांचं होतं.

म्हणून मुलांना समुद्राची भीती घालू नका आणि समुद्राशी मस्तीही शिकवू नका, समुद्र शिकवा. आपल्या आज्यांना भरती-ओहोटीचा हिशेब तोंडपाठ होता : तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर सहा वाजता, चतुर्थी असेल तर तीनला. सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. दिनदर्शिका समोर ठेवून चौथीतलं मूल हे गणित करू शकतं, आणि किनाऱ्यावर जाऊन ताडूनही बघू शकतं. आपला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि भरतीला तेच पाणी भराभर, कधी मागच्या खोलगट चरातून आधी, येतं. बाहेरून आलेल्या पोरांना हे ठाऊक नसतं. आपल्या मुलांना ठाऊक असलं पाहिजे, आणि त्यांनी ते बाहेरच्यांना सांगितलंही पाहिजे.

पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचं, दम संपत आला तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. आणि कुणी बुडताना दिसलं तर आधी मोठ्याने ओरडायचं, जीवरक्षकाला, कोळीबांधवांना हाक मारायची, दोर, रिकामा बंद डबा, जे तरंगेल ते फेकायचं. स्वतः पाण्यात शिरायचं नाही. हे शेवटचं वाक्य मुलाच्या मनाला पटणं फार कठीण असतं, विशेषतः बुडणारा मित्र असेल तेव्हा. त्यासाठी ते एकदा सांगून भागत नाही, दर उन्हाळ्यात पुन्हा सांगावं लागतं. त्याला सांगा की हाक मारणारा भित्रा नसतो; त्याच्या हाकेने दोन जीव वाचतात, बुडणाऱ्याचा आणि त्याचा स्वतःचा.

असा प्रसंग ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्या मुलांच्या मनात एक काटा राहतो : मी वाचलो, तो का नाही? मी ओरडलो असतो तर? किशोरवयीन मुलगे हे कुणाला बोलून दाखवत नाहीत. ते एकदम चिडखोर होतात, अभ्यास सोडतात, रात्ररात्र मोबाइल बघतात. घरात त्यावर शेरा मिळतो, ‘वाया चाललाय.’ आणि रडू आलंच तर ‘मुलगा असून रडतोस?’ हा दुसरा. बाबांनो, हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या मुलाने तुम्हाला कधीतरी डोळे पुसताना पाहिलं असेल, तर तो तुमच्यासमोर बोलण्याची शक्यता जास्त. त्याच्या समोर बसून चौकशी करू नका. त्याच्या सोबत काहीतरी करा, वाडीत पाणी सोडा, गाडी धुवा, जाळं दुरुस्त करा. हात कामात असले की मुलगे बोलतात.

आता घराबाहेरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली आणि कितीतरी मुलं एका रात्रीत पोरकी झाली. त्या वेळी शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं पुण्याला आणली. वाघोलीच्या संकुलात ती राहिली, शिकली, मोठी झाली, आपापल्या पायांवर उभी राहिली. आईवडील गेलेली, गाव पुसलं गेलेली मुलं उभी कशाने राहिली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना ठरावीक वेळेला वाजणारी शाळेची घंटा मिळाली. ठरावीक वेळेला जेवण मिळालं. त्याच प्रसंगातून आलेली, काही सांगावं न लागणारी शेकडो भावंडं मिळाली. आणि नावाने हाक मारणारं, रोज तेच असणारं मोठं माणूस मिळालं.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या मोठेपणापर्यंत माग ठेवला होता. त्यांतली ज्यांची घरं गरिबीने, आजाराने, भांडणांनी खिळखिळी झाली होती, अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, समंजस मोठी झाली. त्यांच्याबाबत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली : आईवडील नसले तरी आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीतरी एक माणूस त्यांच्या पाठीशी कायम होतं. आपल्याला सगळ्या गावाचं संकट हटवता येत नाही. एका मुलाचं ते एक माणूस मात्र आपल्याला होता येतं, आणि ते मूल आपल्याच घरातलं असायला हवं असंही नाही.

हे म्हणताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. मुलाचा धीर हा केवळ त्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या स्वभावाचा प्रश्न नाही. धुंदलवाडीतल्या ज्या पोराच्या घराच्या भिंतीला भेग आहे, ज्याची आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, ज्याची आश्रमशाळा घरापासून लांब आहे आणि धक्का बसला तेव्हा ज्याच्याजवळ आपलं कुणी नव्हतं, त्याला ‘खंबीर हो’ म्हणणं हा अन्याय आहे. त्याला आधी सुरक्षित छप्पर हवं, पोटभर जेवण हवं, लवकर सुरू होणारी शाळा हवी. आपत्तीनंतर गावात पंचनामे होतात, झाडं मोजली जातात, पत्रे मोजले जातात. ग्रामसभेत उठून विचारा की शाळा कधी उघडणार, अंगणवाडीचं छप्पर कधी होणार, मुलांना रात्री थांबायला पक्की इमारत कुठली. हे विचारणं हेही पालकत्वच आहे.

मदत कधी घ्यायची, तेही सांगते. घाबरणं, आईला चिकटणं, अंथरूण ओलं होणं, वाऱ्याच्या आवाजाने दचकणं, हे पहिले काही आठवडे बहुतेक मुलांत होतं आणि हळूहळू ओसरतं. त्यासाठी रागावू नका, लाजवू नका. महिना-दीड महिना उलटूनही झोप येत नसेल, मूल खात-खेळत नसेल, शाळेचं नाव काढताच पोट दुखत असेल, किंवा मोठं मूल ‘मी नसतो तर बरं’ असं एकदा जरी बोललं असेल, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. तिथे फुकट, मराठीत, कुठल्याही वेळी समुपदेशकाशी बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. अंगात देवी आली, बाहेरची बाधा झाली, असं कुणी सुचवेल. देवीला जरूर जा. आपल्या शीतलादेवीच्या पायाशी पिढ्यान्‌पिढ्या आयांनी लेकरं घातली आहेत, देवीच्या साथीत तर किती घातली असतील. पण ती साथ १९७५ मध्ये या देशातून गेली ती लस टोचून. आयांनी देवीला नवस बोलले आणि लेकरांचा दंड टोचणाऱ्यापुढेही धरला. मनाच्या दुखण्यालाही तसंच करा.

आणि तुमचं स्वतःचं काय? मूल तुमच्याकडे बघून ठरवतं की किती घाबरायचं, हे खरं आहे. म्हणून तुम्ही घाबरायचंच नाही असं नाही. ‘मलाही भीती वाटली, मग मी काकूला हाक मारली’ एवढं तुम्ही बोलून दाखवलंत, तर भीतीसोबत काय करायचं असतं हे त्याला दिसतं. वादळानंतर आठ दिवस लाइट नाही, वाडी झोपलेली, कर्जाचा हप्ता डोक्यावर, अशा वेळी आईचा आवाज चढतो, बाबांचा हात उठतो. चढला तर रात्री झोपताना लेकराला सांगा, ‘तुझ्यावर नव्हता तो राग.’ लहान मुलं घरातल्या प्रत्येक रागाचं कारण स्वतःलाच समजतात.

एक काम मे महिना संपायच्या आत करून टाका. पावसाळा सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी सगळे अंगणात बसा, आजी-आजोबांसकट. आजीला तिच्या लहानपणीच्या वादळाची, पुराची गोष्ट सांगू द्या, कुठे लपले, काय खाल्लं, कोण धावून आलं तेही. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची गोष्ट आज्यांनी नातवंडांना सांगत ठेवली होती : जमीन हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगरावर पळा. २००४ मध्ये त्या बेटावरचे जवळजवळ सगळे लोक पळाले आणि वाचले. गोष्ट सांगून झाली की मग ठरवा : फोन बंद पडले तर कुठे भेटायचं, शाळेत असताना काही झालं तर कोण घ्यायला येणार, पिशवीत काय असणार, कुत्र्याला कोण घेणार. कुत्र्याचा प्रश्न मुलंच काढतील, आणि तो टाळू नका. त्यांच्यासाठी तोच सर्वांत मोठा प्रश्न असतो. भेटायची जागा मुलांना सुचवू द्या. त्यांनी सुचवलेली जागा चालणार नसेल तर का नाही ते समजावा, आणि चालणार असेल तर तीच पक्की करा. मग जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि मदतीचा ११२ हे दोन क्रमांक त्यांच्याच अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवायला सांगा, आणि तुमचा मोबाइल नंबर पाठ आहे का ते विचारा. निम्म्या मुलांना तो पाठ नसतो, कारण तो फोनमध्ये ‘आई’ या नावाने असतो.